न हलण्याचं काम

मी एक जुना ट्रायपॉड आहे, मित्रांनो. कॅमेरा डोक्यावर घेऊन उभा राहणारा तीन पायांचा स्टँड. पाय तीन असूनही मला चालता मात्र कधी आलं नाही.

माझी उमेदीची वर्षं एका फोटो स्टुडिओत गेली. फोटोग्राफरकाका प्रत्येकाला दटावायचे, "हलू नका!" नवरा-नवरीसुद्धा श्वास रोखून बसायचे. फोटो चांगला आला की कौतुक कॅमेऱ्याचं व्हायचं. असो. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि लटपटता पाय घेऊन मी कोपऱ्यात धूळ खात राहिलो. तिथली कपाटं काढायला आलेल्या एका सुतारबाबांनी मला उचललं, पायात लाकडाची पाचर ठोकली आणि धाकट्या लेकीच्या हाती दिलं.

तेव्हा त्यांची थोरली लेक दूर, सासरी होती. बाळ होणार होतं, पण डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. हसरी ताई पार कोमेजली होती. फोनवर नुसतं "हं, हं" करायची. बाबा तिच्या बाळासाठी पाळणा करायला बसणार होते. धाकटीने ठरवलं, त्याचा टाइमलॅप्स करून ताईला पाठवायचा. ठरावीक वेळाने आपोआप एकेक फोटो निघत राहायचा; मग सगळे जोडले की दिवसांचं काम मिनिटभरात डोळ्यांपुढून सरकतं.

आधी तिने आपला कॅमेरा माझ्या डोक्यावर चढवून खिडकीतल्या ढगांवर हात बसवला. उजेडाचं माप कॅमेऱ्यावर सोडलं, तर चित्र लुकलुकायला लागलं. मग ते माप तिने स्वतः ठरवून तसंच कायम ठेवलं. आईने केर काढताना मला जरासं सरकवलं, तर ढगांनी टुणकन उडी मारली! तेव्हापासून माझ्या पायांभोवती खडूच्या खुणा आल्या.

मग मला बाबांच्या कामाच्या खोलीत उभं करून ती रोज कॉलेजला जायची. पाळणा पूर्ण झाला, तिने फोटो जोडले आणि तिचा चेहराच पडला. दर फोटोत बाबा ताठ उभे, कॉलर नीटनेटकी, कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. शेजारी पाळणा आपला आपणच वाढतोय!

मला सगळं ठाऊक होतं. क्लिकची वेळ झाली की बाबा रंधा खाली ठेवायचे. पण सांगणार कसं?

"बाबा, तुम्ही थांबलात कशाला?"

"अगं, फोटो काढताना कुणी हलतं का?"

"लग्नाच्या फोटोतही असेच उभे आहेत, खांबासारखे," आई म्हणाली.

धाकटी रडकुंडीला आली. झालेला पाळणा पुन्हा कसा घडवणार? बाबा उभे असलेले फोटो काढून टाकावेत, तर मागे एकही उरेना. शेवटी तिने टाइमलॅप्स आहे तसाच ताईला पाठवून दिला.

थोड्या वेळाने फोन वाजला. पलीकडे ताईला हसू आवरत नव्हतं. "बाबा, पाळणा काय भुताने केला का हो? तुम्ही नुसते मुकादम!"

बाबांनी तोंड फिरवून डोळे पुसले. "हसली गं पोरगी," एवढंच म्हणाले.

देवाच्या दयेने आता त्या पाळण्यात बाळ आहे आणि समोर मी. बाळ हातपाय झाडतं; बाबा अजूनही क्लिकला ताठ होतात. मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या घरी कोपऱ्यात उभं असेल, तर त्याच्या सांध्यांतली धूळ मायेने पुसा, त्याला कामाला लावा. आणि न हलण्याचं काम आमच्यावर सोडा. तुम्ही खुशाल हला.