मुदतीची गाडी

सकाळी सव्वाअकरा वाजता निवृत्त बसचालकाने नव्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि चारही टायर बुटाच्या टाचेने ठोकून पाहिले. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर तो आवाज जरा मोठाच वाटला.

"काका, हवा तपासलेली आहे," सेल्समन म्हणाला.

"असेल. पण गाडी काढताना मी कधी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबलो नाही."

सेल्समन हसला. सोबत आलेली चालकाची मुलगी हसली नाही. ती मांडीवर पर्स धरून टेबलाशी बसली होती. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत ती नोकरी करत होती आणि या कामासाठी तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

सेल्समनने दोन पत्रकं पुढे सरकवली. एक विकत घेण्याचं, दुसरं लीजचं. लीजवर गाडी कंपनीच्याच नावावर राहणार होती. दरमहा ठरलेली रक्कम भरायची, विमा आणि सर्व्हिसिंग कंपनी बघणार, मुदत संपली की किल्ली परत.

"बहुतेक लोक तीन वर्षांचं घेतात," तो म्हणाला. "ताईंनी फोनवर एका वर्षाचं विचारलं होतं. तेही जमेल, फक्त महाग पडेल."

"एक वर्ष?" वडील गाडीपासूनच म्हणाले. "वर्षभरात लोक सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढत नाहीत."

"नाही पटली तर परत देता येते, अण्णा. उगाच गळ्यात धोंड कशाला?"

"म्हणजे ड्युटी संपली की गाडी डेपोत लावा आणि चालत घरी जा. उभी नोकरी तेच केलं की." ते येऊन तिच्या शेजारी बसले. "भाड्याच्या घोड्याला कुणी मनापासून खरारा करत नाही, बाळा. एक तरी गाडी आपल्या नावावर हवी. हौसेला मोल नसतं."

"असतं. या वयात हौस फिटल्यावर गाडी विकायची कटकट कोण करणार?"

"या वयात," वडील सेल्समनला म्हणाले. "ऐकलंत ना? घरचा आहेर."

तिने पर्सची चेन लावली, उघडली आणि पुन्हा लावली.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बसवून तिला एकटीला आत बोलावलं होतं. आजार विसरण्याचा होता आणि आत्ताशी सुरुवात होती. ओळखीच्या रस्त्यांवर सध्या चालवू द्या, पण लक्ष ठेवा, ते म्हणाले होते. पुढे थांबवावं लागेल, आणि हे त्यांना आत्ताच सांगितलेलं बरं. सांगण्याचं काम तिने स्वतःकडे मागून घेतलं होतं. अजून सांगितलं नव्हतं. करार वर्षाचा केला तर वर्षाने गाडी आपसूक जाईल आणि कुणाला तोंड उघडावं लागणार नाही, एवढाच तिचा विचार होता.

"चालवून तर बघू," वडील म्हणाले.

सेल्समन त्यांच्या शेजारी बसला, ती मागे. आभाळ भरलेलं होतं आणि रस्त्यावर उजेड कमी होता. गिअर कधी पडला ते कळत नव्हतं. पहिल्याच चौकात एक सायकलवाला आडवा आला, तेव्हा ब्रेक इतका आधी आणि इतका हळू लागला की सेल्समनचं बोलणं मध्ये तुटलंसुद्धा नाही.

"काका, आमच्या पोरांना शिकवायला या तुम्ही."

"पगार काय देता बोला."

मुलगी सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकून बसली. हातातल्या लीजच्या पत्रकाची तिने घडी घातली आणि ते पर्सच्या तळाशी ठेवून दिलं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर वडिलांनी इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि गाडी बसथांब्यावर, फुटपाथला अगदी लागून उभी केली. थांब्यावरच्या एका बाईने वाकून आत पाहिलं.

"काका, काही राहिलं का?" सेल्समनने विचारलं.

वडिलांचा एक हात गिअरवर होता आणि नजर बाजूच्या आरशात, मागच्या दाराकडे. उतारू चढून झाले की कंडक्टर दोन घंटा देतो आणि मग बस निघते. ते त्या घंटेची वाट पाहत होते.

मागे खरी बस येऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजवू लागली. मुलीने बोटाच्या पेराने खिडकीच्या काचेवर दोनदा ठोकलं. गाडी निघाली.

पुढच्या थांब्यावर तसंच झालं. तिने पुन्हा ठोकलं.

आधी दचकलेला सेल्समन आता हसायला लागला. "भारी आहात हं तुम्ही बापलेक!"

"आमची जुनी गंमत आहे," ती म्हणाली.

तिसरा थांबा दिसला. इंडिकेटर लागला, वेग उतरला. मग वडिलांनी इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ पुढे घेतली. तशीच ती शोरूमच्या आवारात आणली. सेल्समन उतरला. कुठले कागद काढायचे ते ठरवून आत या, असं सांगून निघून गेला.

वडिलांनी इंजिन बंद केलं.

"मी गाडी थांब्याला लावली."

"हो."

"दोनदा."

"इतक्या वर्षांची सवय आहे, अण्णा. होतं असं."

"सवयीचं सोड." त्यांनी वरचा आरसा तिचा चेहरा दिसेपर्यंत फिरवला. "तो पोरगा दचकला. तू नाही दचकलीस. लगेच घंटा दिलीस."

तिने आरशावरून नजर काढून खिडकीबाहेर पाहिलं.

"कधी कळलं तुला?"

"गेल्या महिन्यात."

"आणि ते एक वर्ष डॉक्टरने सांगितलंय?"

"नाही. ते मी ठरवलं."

त्यांनी मान हलवली; थोडं थांबून पुन्हा हलवली.

"विकतच घेऊ या, अण्णा," ती घाईने म्हणाली. "तुमच्या नावावर."

"आता?" ते म्हणाले. "मगाशी का नाही?"

ती खाली उतरली, पुढचं दार उघडून त्यांच्या शेजारी येऊन बसली. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते. सेल्समन काचेच्या दारात आला आणि दोन्ही हातांतले कागद उंच धरून लांबूनच विचारू लागला, हे की ते? त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

पाऊण वाजता शोरूमची जेवणाची सुट्टी झाली. तेव्हाही गाडी आवारातच होती. ते दोघं गाडीतच बसलेले होते आणि किल्ली वडिलांकडे होती.