माझ्या पाठीवरची पट्टी

मी पाण्याचा व्हॉल्व्ह बोलतोय. रस्त्याच्या कडेला एक लोखंडी झाकण असतं. तुम्ही त्यावर पाय देऊन जाता, त्याच्या खाली मी असतो. मी उघडलो की तुमच्या नळाला पाणी येतं.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या भट्टीत मला ओतलं, तेव्हाच पाठीवर त्या देशाचं नाव उमटलं. ओतीव अक्षरं पुसली जात नाहीत, घासावी लागतात.

पेटीतून बाहेर आलो तो इथल्या एका ओतकामाच्या कारखान्यात. नवल वाटलं. ज्यांना स्वतः व्हॉल्व्ह ओतता येतात, त्यांनी मला कशाला आणावं? हळूहळू कळलं. गावासाठी पाण्याची योजना चालू होती. पैसा सरकारचा, म्हणजे लोकांचाच; म्हणून लोखंड देशातल्याच भट्टीत वितळलेलं आणि ओतलेलं हवं, असा नियम होता. काम या कारखान्याला मिळालं होतं. पण भट्टी बिघडलेली आणि मुदत तोंडावर.

तिथे एक म्हातारे साचेकार होते. सगळे त्यांना मामा म्हणत. काळ्या रेतीत साचे करून करून रेती त्यांच्या नखांत कायमची बसली होती. मालकाने त्यांच्या हातात ग्राइंडर दिला.

"मामा, एवढी अक्षरं घासून टाका आणि वर आपल्या नावाची पट्टी ठोका."

"मालक, हे आपलं लेकरू नाही."

"नाव आपलं लावलं की आपलंच. एवढी खेप निभावू द्या. काम गेलं तर भट्टीला टाळं लागेल. मग काय घरी बसून मामींची भांडी घासणार?"

"भांडी घासलेली बरी," मामा पुटपुटले. पण घासली माझी पाठ.

मधेच हात थांबवून त्यांनी माझ्या अंगावरून बोटं फिरवली. "ओतलंय मात्र छान कुणीतरी," म्हणाले. परक्या ठिकाणी कुणी मायेने बोललं की आत कुठेतरी लागतं.

एक खेप निभावली आणि मालकाला तीच सवय लागली. भट्टी पेटवण्यापेक्षा पेट्या फोडणं सोपं. भट्टी दुरुस्त झालीच नाही. एकेक साचेकार घरी बसला. मामाही बसले.

मला खातं ते हेच. मी गळत नाही, अडकत नाही. गळलो असतो तर कुणी चौकशी तरी केली असती. माझ्या चांगलेपणानेच ते खोटं झाकलं गेलं.

पुढे मामांना पाणी सोडायचं काम मिळालं. सकाळी झाकण उघडतात, चावी लावतात आणि विचारतात, "काय पाहुणे, फिरताय ना?" मी निमूट फिरतो.

काल त्यांच्याबरोबर तपासणीच्या मॅडम आल्या. दुसऱ्या एका रस्त्यावरच्या व्हॉल्व्हची पट्टी निघाली आणि खाली घासल्याची खूण दिसली म्हणे.

"मामा, तुम्ही त्या कारखान्यात होतात ना?"

"होतो."

"मग ही पट्टी कुणी ठोकली?"

"झाकण लावतो मॅडम. गाड्या येतात."

"उद्या परत येते. माल बाहेरचा निघाला, तर मालकाला सगळा काढून इथे ओतलेला बसवावा लागेल. तुमची भट्टी पेटेल मामा. विचार करा."

त्या गेल्यावर मामा झाकण उघडं ठेवूनच बसून राहिले. "मला बोलतील, बोलू देत," हळूच म्हणाले. "पण तुझा काय दोष रे? तू भंगारात जाशील."

मामा, तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात, हे मला सोसत नाही. माझ्यामुळे तुमचे सोबती घरी बसले. आता माझ्यावर दया करू नका. लोखंडाला भंगाराचं भय नसतं. मला इथल्या भट्टीत वितळवा, तुमच्या हाताने ओता. मग पाठीवर जे नाव उमटेल, ते कुणाला घासावं लागणार नाही.

झाकण सरकतंय. वर मॅडम आहेत, शेजारी तुम्ही. बोला मामा.