तिच्या वतीने

वकीलबाईंनी कादंबरीचा पहिला भाग उचलून काउंटरवर आपल्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "आज हिच्या वतीने मी बोलणार आहे."

चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. सुट्टीच्या दुपारी इथेच त्यांचं वाचन मंडळ भरे. वाचायच्या त्या फक्त अद्भुतकथा. कुठल्याच नकाशात नसलेले देश, जादू, राजे. सभासद चौघंच. दुकानाची मालकीण, जिला सगळे चष्मेवाली म्हणत; तिची शाळेपासूनची मैत्रीण वकीलबाई; चष्मेवालीची वहिनी; आणि पोहायला शिकवणारे कोच.

पुस्तक सुचवायची पाळी चष्मेवालीची होती. पण तिच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि बोलायला सक्त मनाई होती. आवाज पूर्वीसारखा येईल का, यावर डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले होते.

"तुम्ही बोलणार?" कोचनी विचारलं. "तुम्हाला तर ड्रॅगनचं नाव काढलं तरी मळमळतं."

"अजूनही मळमळतं."

वहिनी गालात हसल्या. वकीलबाईंना दरबारातली कारस्थानं आवडत. फितुरी, विषप्रयोग, आणि शेवटी कुणाचंच भलं न होणं. चष्मेवालीला आकाशात उडणारं काहीतरी लागे. एकमेकींच्या पुस्तकांची त्या मनसोक्त सालटी काढत. आता आपल्याला उलटून बोलताही येणार नाही, या विचाराने चष्मेवालीने काचा पुसायचं फडकं मुठीत घट्ट धरलं.

पण वकीलबाईंच्या बोलण्यात नेहमीचा खवचटपणा नव्हता.

"गोष्ट एका म्हाताऱ्या ड्रॅगनची आहे. त्याची आग विझलीय. शेवटी ती परत येते, आणि सगळे त्यासाठीच वाचत सुटतात. मी म्हणते, तिसरा भाग बघा. आग नाही, पंखांत बळ नाही, डोंगरावर नुसता पडून आहे. तरी खालच्या गावातली माणसं रोज चढून वर येतात. मागायला काही नाही, नुसती त्याच्याजवळ बसायला. लेखिकेने अख्खा भाग त्यावर खर्च केलाय आणि एक पान रटाळ नाही. असं लिहायला छाती लागते."

चष्मेवालीची या पुस्तकांची पारायणं झाली होती. तिसरा भाग मात्र तिने दर वेळी भराभर उलटला होता, आगीपर्यंत पोचायच्या घाईत. तिने मान खाली घातली आणि स्वच्छ असलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.

"यात प्रेमबिम आहे का काही?" वहिनींनी विचारलं.

"पाचव्या भागात. लोहाराची मुलगी आणि नावाडी. रुमाल जवळ ठेवा."

"म्हणजे सातही भाग वाचलेत तुम्ही?" कोच सरसावून बसले.

"अशिलाला बोलता येत नाही म्हटल्यावर कागदपत्रं मलाच वाचायला हवीत ना."

मंडळाचा नियम असा, की तिघांचा होकार मिळाला तरच पुस्तक ठरायचं. चष्मेवालीने हात वर केला. मागोमाग वहिनींचा आला. कोचनी पुस्तकाची जाडी बोटांनी चाचपली, सुस्कारा सोडला आणि हात उचलला.

"झालं की मग," वहिनी म्हणाल्या. "विरोधात कुणी नाहीच."

"आहे," वकीलबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपला हात सरळ वर केला.

कोच त्यांच्याकडे बघतच राहिले. "अहो, मग आत्तापर्यंत जे बोललात ते?"

"ते हिचं होतं. तिला बोलता आलं असतं तर ती याहून वाईट बोलली असती, म्हणून मी जरा नीट मांडलं. मत माझं आहे. शेवटी आग परत येते हे मला पटत नाही. लबाडी आहे ती."

चष्मेवालीचे खांदे हलू लागले. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच हसत होती, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आग परत का यायला हवी, यावर तिच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. तिने ओठ घट्ट मिटले, वकीलबाईंचा वर गेलेला हात धरून खाली ओढला, आणि बराच वेळ सोडला नाही.