पाई, पाणसळ आणि एक ‘अहो’

प्लंबरला घरात दोघीजणी ‘अहो’ म्हणायच्या. एक त्याची बायको, ते ठीकच होतं. दुसरी बायकोची नऊ वर्षांची लेक, टिल्ली. लग्नाला वर्ष होत आलं तरी याला काय म्हणायचं हे टिल्लीचं ठरत नव्हतं. बाबा म्हणायला जीभ वळेना, कारण तिचे बाबा भिंतीवरच्या फोटोत होते. काका म्हटलेलं आईला आवडेना. मग आई म्हणते तेच तिनं उचललं. “अहो, माझी वही पाहिलीत का?” ऐकून शेजारच्या मावशींची हसून हसून पुरेवाट व्हायची.

प्लंबरही हसायचा. पण ती आईला ‘ए आई’ अशी हाक मारायची, आणि दारातल्या बोक्यालासुद्धा ‘अरे’ म्हणायची. ते ऐकलं की त्याला आत कुठेतरी टोचायचं. बाबा व्हायची त्याला घाई नव्हती. बोक्याच्या पंगतीला बसवलं असतं तरी त्याचं भागलं असतं. पण ‘अरे’ काही मागून घेता येत नाही.

आज बायकोचा वाढदिवस होता. ती नर्स, ड्युटी संपवून सहाला घरी यायची. घरात ओव्हन नव्हता, म्हणून टिल्लीनं बिस्किटांच्या खोक्यावर छापलेली थंड पाईची कृती शोधून काढली होती. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून ताटलीत थापायचा, वर आटीव दूध, फेटलेली साय आणि संत्र्याच्या सरबताची पूड एकत्र करून ओतायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. भाजणं नाही, उकडणं नाही.

“सोपं आहे,” प्लंबर म्हणाला आणि पहिल्याच फटक्यात घोळ घातला. सूचना न वाचता नळ बसवणाऱ्यांवर त्याचा भारी राग. त्यानं सरबताचं पाकीट इमानदारीत वाचलं आणि त्यावर लिहिल्याप्रमाणे पूड लिटरभर पाण्यात ढवळून टाकली.

टिल्लीनं कपाळावर हात मारला. “अहो, पाईत पाणी नसतं! नुसती पूड घालायची होती.”

“पाणी दिसलं की माझे हात आपोआप चालतात गं,” तो ओशाळून म्हणाला.

नशीब, कपाटात आणखी एक पाकीट निघालं. या वेळी पूड तिनंच घातली. आंबटपणानं दूध बघता बघता घट्ट व्हायला लागलं. ते तिनं चुऱ्यावर ओतलं आणि दोघांनी फसलेलं सरबत पेलाभर पिऊन ताटली फ्रिजमध्ये ठेवली.

दहा मिनिटांनी टिल्लीनं दार उघडून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. पाई एका बाजूला कलली होती. फ्रिजचा एक पाय कधीचा मोडलेला. गावभरचे नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरातला पाय दिसला नव्हता.

“आता हिला अशीच तिरकी गोठू द्यायची का?” तिचा आवाज रडवेला झाला.

प्लंबरनं पिशवीतून पाणसळ काढली. तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मधोमध आला की पातळी साधली, एवढं त्यानं टिल्लीला समजावलं आणि पाणसळ पाईशेजारी फळीवर ठेवली. “तू बुडबुड्यावर नजर ठेव. मी कोपरा उचलतो आणि पायानं खाली लाकडाचा तुकडा सरकवतो.”

त्यानं श्वास रोखून फ्रिज उचलला.

“अजून थोडा वर,” टिल्ली डोळे न हलवता सांगत होती. “अहो, अजून. थोडा... थोडा...” ताटलीच्या दुसऱ्या कडेला केशरी थेंब आला. ती किंचाळली, “अरे, थांब ना! किती उचलतोस! सांडेल ती!”

प्लंबर कोपरा किंचित खाली घेऊन थांबला. पाठीतून कळ निघत होती. लाकूड पायाशीच होतं, पण ते सरकवायचं त्याला सुचलंच नाही. त्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

त्याच वेळी दार उघडून बायको आत आली. पर्सही न ठेवता तिनं लेकीला दटावलं, “अगं, मोठ्या माणसांना ‘अरे’ काय म्हणतेस?”

टिल्लीनं जीभ चावली.

“तिला काही बोलू नकोस,” फ्रिज तसाच तोलून धरत प्लंबर म्हणाला. “बुडबुडा मधोमध आलाय.”