दोघांत मिळून एक

"यातलं माझं डोकं कुठलं?" आईने विचारलं.

"डावीकडचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. पडद्यावर मेंदूची दोन चित्रं उजळली होती.

"आणि उजवीकडे हे. लग्नातल्या फोटोसारखं बसवलंय की!"

म्हातारपणी मेंदू कसा बदलतो, याचा तो अभ्यास होता. बाबा विसरायला लागले म्हणून त्यांना घेतलं होतं; आईला तुलनेसाठी, धडधाकट म्हणून. रोज सकाळी दोघांच्या मोबाइलवर कोडी येत. शब्द लक्षात ठेवा, चित्रांचा क्रम लावा. आणि आता दिसत होतं, की आईचा मेंदूही बाबांइतकाच झिजला आहे. फक्त जागा वेगळी.

त्यांना यापुढे एकटं ठेवावं का, हे विचारायला मी आले होते. बाबा माझ्याकडे, आई दादाकडे, असं ठरतच आलं होतं.

"पण कोड्यांत दोघांनाही इतके चांगले गुण कसे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मिळून सोडवतो ना. ह्यांना शब्द आठवत नाहीत, ते मी सांगते. मला क्रम लागत नाही, तो हे लावतात."

"अहो काकू, ती एकट्याने सोडवायची होती!"

"असं होय? जन्मभर शिलाईचं दुकान चालवलं. हे कापायचे, मी शिवायची. एकट्याने कधी काय केलंय आम्ही?"

"कॉपी पकडली गं आपली," बाबा म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. खुर्ची पडद्याजवळ ओढून त्या बघत राहिल्या. एका चित्रात जिथे काळी पोकळी होती, तिथे दुसऱ्यात भरलेलं होतं. मीही बघत राहिले. घरात दिवसभर चालणारी त्यांची विचारपूस, दार लावलं का, गोळी घेतली का, मला कटकट वाटायची. तो विचार करण्याचा आवाज होता. एकच विचार, दोघांच्या तोंडून.

"मग एकटं ठेवू यांना?" मी विचारलं.

"एकेकटं नको. दोघांना एकत्र ठेवा."

आम्ही ठेवलं. गेल्या महिन्यात बाबा झोपेतच गेले.

आज आईने त्यांचं कपाट उघडलं. "शर्ट. विजार. स्वेटर." बिनचूक नाव घेत ती एकेक कपडा पलंगावर काढत होती. मग थांबली.

"अहो, आता पुढे?"

मी दाराशी होते.

"घडी," मी म्हणाले.

तिने शर्टाची घडी घातली, त्यावरून हात फिरवला आणि मागे न बघता पुढच्या शब्दासाठी थांबली.