रडकी पोरं आणि दादाची हाळी

आमच्या बँडचं नाव आमी ठेवलंच न्हाई. गावानं ठेवलं. कुरुंद्याच्या बाजारात कुणीतरी म्हणलं, "ते बघा, रडकी पोरं चालली," आणि बजरंग तिथंच खूश झाला. म्हणला, "रागे, हेच नाव!" मी म्हणलं, "मेल्या, शिवी हाय ती." पण ऐकतो कोण? कॅसेटीवर तेच छापलं.

बजरंग माझा धाकटा भाऊ. गाणी त्याची, गळाही त्याचा. गिटार रुद्रची. रुद्र म्हणजे व्यंकटरावांचा पोरगा. त्यांच्या हळदीच्या रानात आमची मेंढरं बसायची, खतासाठी, म्हणून ल्हानपणापासूनची वळख. आणि ढोल माझा. बाईमाणसानं ढोलाला हात लावू नये म्हणतात. मी लावला. काय झालं? ढोल फुटला का आभाळ?

दोन हजार चार साली रुद्र पुण्याहून शिकून आला तो कॉम्प्युटर घेऊन आणि डोळ्यांवर केस सोडून. त्यानं आम्हाला परदेशातल्या पोरांची गाणी ऐकवली. ती पोरं गाता गाता रडत होती, रडता रडता किंचाळत होती. रुद्र म्हणला, "याला इमो म्हणतात. मनातलं दुःख वरडून सांगायचं."

माय तिथं ज्वारी निवडत बसली होती. नर्मदाबाई तिचं नाव, तोंड लई फाटकं. म्हणली, "त्यात काय नवं? आमच्याकडं मयतीला बाया तेच करतेत. गिटार तेवढी नसती."

आमी हसलो. बजरंग हसला न्हाई. तो मायकडं बघत राहिला आणि मला कळलं, पोराच्या मनात काय शिजून राहिलं ते.

आमचा थोरला भाऊ, हनुमान, तेव्हा तीन वर्षांमागं गेला होता. गायरानात मेंढरं राखताना पान लागलं. साप चावला असं आमच्यात म्हणत न्हाईत, पान लागलं म्हणतात. वसमतच्या दवाखान्याच्या पायरीवरच त्याचा जीव गेला. आबांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, रखमाजींनी, डोळ्याला पाणी आणलं न्हाई. दहाव्याच्या दिवशी म्हणले, "आता माझ्या घरात ते नाव घ्यायचं न्हाई." बस. घरात तेव्हापासून नाव न्हाई, आठवण न्हाई, रडणं न्हाई. दादाची काठी तेवढी दारात भिताडाला टेकून उभी. तिला कुणी आत घेतलं न्हाई, कुणी फेकलीही न्हाई.

आणि हाळी. मेंढरांना बोलवायची दादाची हाळी निराळी होती. "हिर्र्याऽऽ हो होऽऽ, या गं बायांनोऽऽ!" मेंढ्यांना बायांनो म्हणायचा, येडा! ओढ्यापलीकडची मेंढरं त्या आवाजाला धावत यायची. तो गेल्यावर ती हाळी आमच्यापैकी कुणाच्या तोंडून निघाली न्हाई. आबा नुसती शीळ घालायचे.

तर आमच्या गाण्यांची कॅसेट काढायचं ठरलं. बजरंगाला नाव नको होतं, पैसा नको होता. त्याला एकच पाहिजे होतं. आबांनी ती कॅसेट ऐकावी आणि एकदा तरी दादासाठी रडावं. बाकी गाव ऐको न ऐको.

रेकॉर्डिंग झालं व्यंकटरावांच्या हळदीच्या गोडाऊनमध्ये. आवाज असा घुमायचा की एक शब्द चार वेळा परत यायचा. रुद्र डोकं धरून बसला. मग मायनं घरातली सगळी घोंगडी आणून दिली. चारी बाजूंनी खिळे ठोकून टांगली, आणि घुमणं असं थांबलं की रुद्र म्हणला, पुण्यातबी असा स्टुडिओ न्हाई. तकलीफ एकच, हळदीची. ढोलावर टिपरू मारलं की पिवळी धूळ उडायची आणि बजरंग कडव्याच्या मधीच शिंकायचा. संध्याकाळी बाहेर पडलो की तिघंही पिवळेजर्द. बाया विचारायच्या, "काहो, लगीन कुणाचं हाय?"

शेवटचं गाणं दादाचं होतं.

"जाळीत कमी न्हाई एकबी मेंढरू
तरी आबा पुन्हा मोजतो.
दादा, तुझी काठी दारात उभी
तिला आत कोण घेतो?"

खरं होतं ते. आबा रोज सांजंला मेंढरं जाळीच्या वाड्यात कोंडून मोजायचे, बराबर भरायची, तरी पुन्हा मोजायचे. मी रोज बघत होते, पण मला ते बोलता आलं नसतं.

गाण्याच्या शेवटी किंचाळायचं ठरलं होतं. रुद्रनं खूण केली. बजरंगनं तोंड उघडलं आणि किंकाळीच्या जागी दादाची हाळी बाहेर आली. "हिर्र्याऽऽ हो होऽऽ, या गं बायांनोऽऽ!" माझा हात ढोलावर जागीच थांबला. तीन वर्षांनी ऐकली ती हाळी. मी हमसून हमसून रडले, आणि मला त्याची अजून लाज वाटत न्हाई.

डोळे पुसून मी म्हणलं, "बज्या, हे काढून टाक. आबांना कळलं तर चामडी सोलतील."

"कळावं म्हणूनच ठेवतो," तो म्हणला.

वसमतच्या गुलाबचंदनं त्याच्या दुकानात कॅसेटी भरून दिल्या. ऐकून म्हणला, "भाई, पूरा कॅसेट रोनाधोना है, शादी में कौन बजायेगा?" पण शेवटचं गाणं त्यानं दोनदा लावलं आणि नाक शिंकरत आत गेला.

कॅसेट बाजाराच्या दिवशी बाहेर काढायची ठरली. त्या सकाळी बजरंग आबांच्या पाया पडला. "आबा, दुपारी या."

"तुमच्या तमाशाला मला टाइम न्हाई," आबा म्हणले, आणि मेंढरं घेऊन मुद्दाम लांबच्या गायरानात गेले. बजरंगचं तोंड एवढंसं झालं. मला आबांचा असा राग आला की भाकर जाईना.

बाजारात जळबा मंडपवाल्यानं लिंबाला भोंगा बांधला. तिकडं मारुतीच्या पारावर सप्ता चालू होता. व्यंकटराव नारळ फोडायला आले आणि गरजले, "अरे, कीर्तनात तुमचं रडगाणं घुसलं तर गाव मला जोड्यानं हाणंल! फिरवा तो भोंगा!" जळबानं फिरवला, देवळाकडून थेट उलटा, गायरानाकडं. आमच्या कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. मेंढरांत वाढलेल्या आमच्यासारख्यांच्यासुद्धा!

गाणी सुरू झाली. पोरं खिदळली. मिरच्या विकणारी भागूबाई आधी म्हणली, "काय मेलं हे केकाटणं," आणि तिसऱ्या गाण्याला पदरात तोंड घालून बसली. शेवटचं गाणं लागलं. बजरंग मान खाली घालून उभा होता. ज्यांच्यासाठी गायला ते तिथं नव्हतेच.

हाळी सुटली. भोंग्यातून, ओढ्यावरून, पार गायरानात.

थोड्या वेळानं जळबा ओरडला, "अरे, ती धूळ कशाची?"

मेंढरं! सगळा कळप! पुढं लंगडी. दादानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली ती म्हातारी मेंढी, तीन पायांवर कुणालाच आवरंना. मागची नव्या वेतातली कोकरं, त्यांनी दादाला कधी बघितलंबी नव्हतं, लंगडीच्या मागं सुटलेली. मेथीच्या जुड्या गेल्या, भागूबाईच्या मिरच्या उधळल्या, व्यंकटराव टपरीवर चढले. आणि कळप लिंबाखाली येऊन थांबला, भोंग्याकडं तोंड करून. लंगडी वर बघून ओरडत होती. माणूस कुठं हाय म्हणून बिचारी हुडकत होती.

मागून आबा आले. पटका कुठं पडला होता, पायात एकच वहाण. बजरंग माझ्या मागं सरकला, मीबी जरा मागं सरकले.

"कोण वरडलं?" आबांनी विचारलं.

"मी, आबा," बजरंग म्हणला. "गाण्यात."

"पुन्हा लाव."

जळबानं कॅसेट मागं फिरवली. जाळीतली मेंढरं आली, काठी आली, हाळी आली. आबा लंगडीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी मान हलवली.

"चुकलं," ते म्हणले. "हन्म्या असा न्हाई वरडत. शेवटाला हसायचा तो. बायांनो म्हणलं की त्याला सोताचंच हसू यायचं."

हन्म्या. तीन वर्षांनी!

मग आबांनी तोंडाला हात लावून हाळी दिली. शेवटाला हसायला गेले, आणि निम्म्या हसण्यातच त्यांचा आवाज फुटला. खाली बसले, लंगडीच्या गळ्यात पडले आणि भर बाजारात लेकरावाणी रडले. बजरंग जाऊन त्यांना बिलगला. मीबी गेले. कुणी हसलं न्हाई. गावात आता रडक्या पोरांत एक म्हातारं पोर वाढलं होतं.

पुढच्या कॅसेटीवर आबांचीच हाळी हाय. घोंगड्यांच्या गोडाऊनमध्ये, पिवळे होऊन, त्यांनी ती दिली. तिथंही हसू निम्म्यातच तुटलं. रुद्र म्हणला, पुन्हा घेऊ. बजरंग म्हणला, न्हाई, असंच राहू दे.

पण ते नंतरचं. त्या बाजाराच्या सांजंला आबांनी मेंढरं जाळीत घातली आणि मोजली. बराबर भरली. आमी वाट बघत होतो, आता पुन्हा मोजतील. त्यांनी जाळीचं तोंड बांधलं आणि घराकडं आले. दारात थांबले.

"रागिणी," आबा म्हणले, "हन्म्याची काठी आत घे. भाएर सडून जाईल ती."

मी घेतली.