धनेशाच्या दाराशी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूने गोड बोलावे, थोडे डोळे पुसावेत आणि शेवटी हात जोडावेत, अशी रीत आहे. मला हात नाहीत, आणि गोड बोलायची माझी आज अजिबात तयारी नाही.

माझ्या जन्माचे फार काही आठवत नाही. कुणीतरी भिंगे घासली, दोन नळ्या एका बिजागरीने जोडल्या, गळ्यात पट्टा अडकवला आणि मी नागपूरच्या एका दुकानाच्या काचेमागे जाऊन बसले. तिथून मला देवाजींनी घरी आणले. देवाजी माजरीला कोळशाच्या खाणीत नोकरी करत. पाळी संपली की ते साबणाने हात चोळचोळून धूत, मगच मला उचलत. जुन्या खाणीच्या खड्ड्यांत पाणी साचले होते आणि हिवाळ्यात तिथे बदके उतरत. देवाजी काठावर बसून तासन् तास बघत. शेजारी म्हणत, "देवाजीले पाखराइचं येड लागलं." देवाजींना त्याचे काही वाटत नसे. त्यांच्या हातात असताना मला मी कुणीतरी आहे असे वाटे.

दर रविवारी सकाळी भद्रावतीच्या एका चहाच्या टपरीवर पक्षी बघणारी मंडळी जमत. त्यांचे पुढारी होते गुणवंतराव, हायस्कुलातले मास्तर आणि देवाजींचे जिवलग दोस्त. वसंत लागला की टपरीवर नुसता गलका. कुणाला हळद्या दिसलेला असे, कुणाला स्वर्गीय नर्तक. आता, पक्षी दिसला म्हणून कुणीही थाप मारील. म्हणून या मंडळींनी एक रीत पाडली होती. तिला ते 'दुसरा डोळा' म्हणत. ज्याला पक्षी दिसला त्याने आणखी एका माणसाला नेऊन तो दाखवायचा. दुसऱ्याने मान हलवली की नोंद पक्की. आणि घरटे असेल तर त्या दोघांनी जागा पोटात ठेवायची, तिसऱ्या कानाला कळू द्यायची नाही. हा नियम गुणवंतरावांनीच केलेला. विसरू नका, गुणवंतरावांनीच.

देवाजी गेल्यावर मी त्यांच्या मुलीकडे आले. हर्षा नर्स आहे. तिची पहिली नेमणूक भामरागडला होती. पावसाळ्यात नद्या चढून वाट बंद झाली की आम्ही दोघी तिथेच अडकायचो. त्या ओलीने माझ्या उजव्या भिंगात बुरशी शिरली आणि तेव्हापासून त्या डोळ्याला कडेने धुके दिसते. हर्षाने मला टाकून दिले नाही. डाव्या डोळ्याने भागते की, म्हणाली.

पुढे तिची बदली गडचिरोलीच्या वाटेवरच्या एका जंगलाच्या गावी झाली. टपरी कधीच सुटली होती, पण ती मंडळी आता फोनच्या ग्रुपवर भेटू लागली, हर्षाही त्यात होती. तिथे आमची दैना झाली. तोफेएवढे कॅमेरे गळ्यात घालून लोक हिंडू लागले. रानात भेटलेल्या एकाने मला उलटेसुलटे करून हर्षाला विचारले, "हिच्यात फोटू निघते का?" नाही म्हटल्यावर त्याने मला रिकाम्या डब्यासारखे खाली ठेवले. निवृत्तीनंतर गुणवंतरावांनीही मोठा कॅमेरा घेतला आणि ग्रुपवर नवा कायदा लिहिला: फोटो नाही तर नोंद नाही. झाले, दुसरा डोळा गेला बाराच्या भावात.

या वर्षी पळस फुलून गळायला लागला होता तेव्हाची गोष्ट. हर्षा एका टोल्यावर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर, बाळांना लस द्यायला निघाली होती. नाल्याकाठच्या एका जुन्या बेहड्याच्या झाडाजवळ ती थबकली आणि तिने मला डोळ्यांना लावले. खोडाच्या पोकळीत कवड्या धनेशाची मादी बसली होती आणि आतून दार लिंपत होती. मित्रांनो, धनेशाची मादी अंडी घालायला पोकळीत शिरते आणि चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवून बाकी दार बंद करते. आत तिची उडायची पिसे झडून जातात. बाहेरून नर जे आणून भरवील त्यावर ती आणि पिल्ले जगतात. नर आला नाही तर आत कोंडलेल्यांना दुसरा वाली नाही.

हर्षाच्या पोटात ते मावेना. आनंदाची गोष्ट कुणाला तरी सांगावीशी वाटतेच, यात काय चुकले? ग्रुपवर तिने जागा न सांगता एवढेच लिहिले की कवड्या धनेश घरट्यात बसला आहे. उत्तरे आली ती अशी. एकाने लिहिले, साधा राखी धनेश असेल. गुणवंतरावांनी लिहिले, फोटो टाका.

तिने फोटो टाकला नाही. तिने जुन्या रितीप्रमाणे दुसरा डोळा नेला. आदेश तिला ताई म्हणायचा, मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवायचा, आणि ग्रुपवर तिच्या बाजूने बोलणारा तो एकटाच होता. कॅमेरा घरी ठेवायच्या बोलीवर ती त्याला घेऊन गेली. तोवर पिल्ले निघाली होती, पोकळीतून त्यांची कुरकुर ऐकू येत होती. नराने गळ्यातून एकेक उंबर काढून फटीतून आत दिले. आदेश श्वास रोखून माझ्यातून बघत होता. त्याच्या पापण्या माझ्या काचेवर थरथरत होत्या. तो चांगला पोरगा आहे, हे मला रागातही सांगावेच लागेल.

घरी जाऊन त्या चांगल्या पोराने काय करावे? ताईला खोटे ठरवतात याचा त्याला राग होता. त्याने गुणवंतरावांना बेहड्याचे लोकेशन पाठवले आणि खाली लिहिले, 'फक्त तुमच्यासाठी. कोणाले सांगू नका.' गुणवंतरावांनी ते एका मित्राला पाठवले, फक्त तुमच्यासाठी. मित्राने आपल्या साडूला पाठवले, फक्त तुमच्यासाठी. असे 'फक्त तुमच्यासाठी' करत करत ते नागपूरपर्यंत पोचले.

रविवारी हर्षा बेहड्याशी पोचली तेव्हा नाल्यात गाड्या उभ्या होत्या. बेहड्यापुढे तिपायांवर कॅमेऱ्यांची रांग होती, मधोमध गुणवंतराव. पोकळीसमोर झुकलेली हिरवी फांदी फोटोत आडवी येत होती म्हणून कुणीतरी ती कोयत्याने छाटली होती. एक जण फोनवर धनेशाचा आवाज वाजवत होता. नर यावा, भरवावे, आणि नेमका तो क्षण टिपावा म्हणून सगळे सकाळपासून दबा धरून बसले होते. ते बसले होते म्हणूनच तो येत नव्हता, हे एवढ्या शिकलेल्या डोक्यांत शिरत नव्हते.

हर्षाने मला उचलले. नाल्यापलीकडच्या ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर नर बसला होता. चोचीच्या टोकाशी उंबर धरलेले. तो दाराकडे बघत होता, पुढे झुकत होता आणि परत मागे सरत होता. माझी दोन्ही भिंगे तेव्हा फुटली असती तर बरे झाले असते.

ती सरळ गुणवंतरावांपुढे जाऊन उभी राहिली. ते म्हणाले, अजून पाचच मिनिटे, एवढे सगळे लांबून आलेत. तिने मला त्यांच्या हातात दिले आणि ऐनाकडे बोट केले. त्यांनी बघितले. बराच वेळ बघितले. मला वाटले, समजले यांना. त्यांनी मला खाली केले आणि शेजारच्याला हळूच सांगितले, "तयार राहा, तो येऊन राह्यला."

मग हर्षा बोलली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेले.

"भाऊ, माह्या दवाखान्यात बाई बाळंत होत असली का तिच्या नवऱ्यालेई पडद्याबाहेर ठेवा लागते. तुमी तर इचा पडदाच तोडला. बाबा असते तर तुमच्या तोंडाकडे पाह्यले नसते."

लोक उठले, कुरकुरत, तिपाया आवरत. कुणी म्हणाले, आम्ही निसर्गप्रेमीच आहोत, बाई. गाड्या गेल्या. हर्षा लांब मोहाच्या झाडाआड अंधार पडेपर्यंत बसली. नर एकदाही उतरला नाही.

त्या आठवड्यात तो आला, पण भेदरून, क्वचित. फांदी गेल्याने भर दुपारचे ऊन थेट फटीवर पडत होते. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा लिंपलेले दार आतून फुटले होते. मादी खालच्या झुडपावर बसली होती, अर्धवट वाढलेल्या पिसांची, उडता न येणारी. ती फांदीवरून फांदीवर उड्या मारत बांबूत शिरली आणि मला दिसेनाशी झाली. पोकळीत आता कुरकुर नव्हती.

ग्रुपवर त्या दिवशी काय होते सांगू? फटीतून बाहेर आलेल्या चोचीचा फोटो. वसंतातली सर्वोत्तम नोंद. खाली गुणवंतरावांचे नाव आणि वर केलेल्या अंगठ्यांची रांग. अप्रतिम, लाजवाब, सलाम सर.

आदेश हर्षाच्या दारात आला होता. डोळे सुजलेले. लोकेशन मिटवले म्हणाला. हर्षाने त्याला पाणी दिले आणि म्हणाली, "तू मले खरी ठरवाले गेला, आदेश. मी खोटीच राह्यली असती तं ते पिल्लं वाचले असते."

त्याने पाणी न पिताच भांडे उंबऱ्यावर ठेवले.

तेव्हा मित्रांनो, माझी भिंगे पुसा, मला कोरड्या जागी ठेवा, अशी विनवणी मी करणार नाही. माझे काय व्हायचे ते होवो. पक्षी दिसला तर जरूर सांगा. त्याचा रंग सांगा, आवाज सांगा, तो कोणते फळ खात होता ते सांगा. त्याचे घर मात्र सांगू नका, अगदी जिवलगालाही नाही. आणि कुणी पुरावा मागितला तर खुशाल खोटे ठरा.